तलवारवाल्या किड्यावर लावलेली मिशी

आमच्या गावात किड्यांची जात कोणी विचारत नाही. माणसांची विचारून होईपर्यंत दिवस मावळतो, मग किड्यांसाठी वेळ कुठून काढायचा? दिवसा उडी मारतो तो नाकतोडा, अंधार पडला की किरकिरतो तो रातकिडा, आणि थव्यानं येऊन हिरवं खातो तो टोळ. एवढ्यावर आमच्या बापजाद्यांचं भागलं, माझंही भागत होतं. मी तिसरी शिकलो आहे, तीही पूर्ण नाही. पण शिकलेल्या माणसापेक्षा माझ्यात एक गोष्ट जास्त आहे. मला जे माहीत आहे त्याबद्दल मला कधी शंका येत नाही.

दुसरी जास्तीची गोष्ट म्हणजे मिशी. लग्नाच्या आधीपासून ठेवलेली आहे. माणूस समोरून येत असेल तर आधी ती येते, मागून मी. बाप गेला तेव्हा एकदा उतरवली, माय गेली तेव्हा एकदा. आमच्याकडे तसाच नियम आहे. घरात मौत झाली तरच मिशी उतरते, एरवी तिला वस्तरा लागत नाही. म्हणून साफ ओठाचा म्हातारा रस्त्यानं दिसला की लोक सायकलवरून उतरतात आणि विचारतात, "कोन गेलं जी?"

ही मिशी मी एका किड्यावर लावली. त्याची गोष्ट सांगतो, कारण गावात ती सांगणारे पुष्कळ झाले आहेत आणि प्रत्येक जण त्यात आपल्या पदरचं घालतो.

धान निसवला होता. लोंब्या बाहेर पडल्या की शेतकऱ्याला काही दिवस काम कमी असतं आणि तोंडाला जास्त. सडक अर्जुनीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या फाट्यावर आमचा पानठेला आहे. दिवेलागणीला तिथं ट्यूबलाइट लागते आणि दोन प्रकारचे जीव गोळा होतात. एक उजेडासाठी येतात, दुसरे तंबाखूच्या खर्ऱ्यासाठी. तिथं आमचे मास्तर रोज पेपर वाचत बसतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण अजून शाळा सुटली आहे असं त्यांना कोणी सांगितलेलं नाही. दाढी-मिशी रोज सकाळी घोटतात, आणि रोजचंच म्हणून त्यांना 'कोन गेलं' असं कोणी विचारत नाही. ओठ असा गुळगुळीत, की माशी बसली तर घसरावी.

त्या दिवशी सुपारीच्या डब्यावर एक हिरवा किडा येऊन बसला. मोठा, करंगळीएवढा. पंख असे की पान तोडून पाठीवर ठेवलं आहे, शिरांसकट. आणि मागं शेपटीच्या जागी एक लांब, थोडी बाकदार वस्तू. ठेलेवाला मागं सरकला.

"बावाजी, देखो तो जरा. डंक हाये याले. काटेगा क्या?"

मी चष्मा कपाळावरून डोळ्यावर घेतला. "डंक नोहे गा. तलवार हाये तलवार. गडी हाये तो. शिपाई."

मास्तरांनी पेपर खाली केला नाही. पेपराच्या मागूनच म्हणाले, "ती मादी आहे."

"कायची मादी?"

"त्या किड्याची. मादीलाच असते तशी शेपटी. पुस्तकात आहे."

"कोन्त्या पुस्तकात?"

मास्तरांनी पेपराचं पान उलटलं. मग म्हणाले, "पुस्तकाचं नाव आता आठवत नाही. पण मादीच."

"मास्तर, बाईच्या कमरेले कधी तलवार पाहिली काय तुमी?"

"इतिहास वाचा. राण्यांच्या कमरेला होत्या."

"हे रानी होय? पानठेल्यावर बसून राहिली ते?"

ठेल्यावरचे सगळे हसले. मास्तरांना हसलेलं चालत नाही, वर्गातही चालत नसे. त्यांनी पेपराची घडी घातली, चष्मा पुसला आणि माझ्या वर्मावर बोट ठेवलं. "तिसरीच्या वर्गात किड्यांचा धडा नसतो. तो पुढे असतो. तुम्ही तिथपर्यंत आला नाहीत, त्यात तुमचा दोष नाही."

यावर माणसानं काय करावं? मी मिशीला हात लावला आणि बोललो, "हे मादी निंगाली तं मी हे मिशी उतरवीन. फाट्यावर, सगळ्यायसमोर सांगून ठेवतो."

"आणि नर निघाला तर मी काय द्यायचं?"

"तुमी मिशी ठेवाची."

मास्तरांचा चेहरा उतरला. मी पुष्कळ चेहरे उतरलेले पाहिले आहेत, पण घोटलेला चेहरा उतरला की फार दिसतो. ठेलेवाल्यानं गोळ्यांची रिकामी बरणी दिली. किडा बरणीत गेला, बरणीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला. शिपायासारखा ऐटीत बसला होता. मला कसलीही शंका नव्हती.

शंका घरी होती. आमची बुढी, म्हणजे माझी बायको, चुलीपुढून उठली, बरणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मिशी लावली? किड्यावर?"

"शर्त जित्तो मी. काई चिंता करू नोको."

"चिंता तुमची कोन करते? माई हाये. मिशी उतरवून रस्त्यानं फिरसान तं लोक काय म्हन्तीन? तुमचे मायबाप आधीच गेले. घरात मरासारखी उरली कोन? मीच ना? मले जाळून आले म्हन्तीन. मी जित्ती हाव अजून, आयकून ठेवा."

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. पण बोललेला शब्द आणि फेकलेलं पाणी पुन्हा भांड्यात येत नाही, असं म्हणून मी जेवायला बसलो. तिनं वाढलं, पण ताट जोरात ठेवलं.

दोन दिवसांनी सुटीला नातीन आली. ती गोंदियाला कॉलेजात शिकते, जीवशास्त्र. कुडव्याला मैत्रिणीसोबत खोली करून राहते आणि स्कूटीनं येते-जाते. तिनं बरणी पाहिली आणि हेल्मेट न काढताच खाली बसली.

"आबाजी! किती मस्त आहे! कुठं भेटली?"

"'भेटली' नोको म्हनू. 'भेटला' म्हन. नाईतं काईच नोको म्हनू," मी तिला थांबवलं. "मामला कोर्टात हाये. तू घरची. घरच्याची साक्ष चालत नाही."

तिला सगळं सांगितलं. ती तोंडावर ओढणी धरून इतकी हसली की ठसका लागला. मग म्हणाली, "ठीक आहे. नर का मादी ते मी नाही सांगत. पण बाकी तर सांगू? आधी मिशा पाहायच्या असतात."

शास्त्र मिशीपासून सुरू होतं हे ऐकून माझं मत शास्त्राबद्दल एकदम बदललं. मी पाट टाकून बसलो.

तिनं समजावलं ते असं. या सगळ्या उड्या मारणाऱ्यांचं एक मोठं खटलं आहे. मागचे पाय सगळ्यांचे दणकट, कुदायला. पण मिशीवरून दोन फांद्या पडतात. एक आखूड मिशीवाले, नाकतोडा आणि टोळ. मिशी जाड, बोटभरही नाही. दुसरे लांब मिशीवाले, त्यांची मिशी दोऱ्यासारखी बारीक आणि अंगापेक्षाही लांब. त्यात रातकिडे आले आणि हा हिरवा आला.

"म्हनजे हा नाकतोडा नोहे?"

"नाही. दिसतो तसा. पण नातं रातकिड्याचं."

मी बरणीजवळ डोळा नेला. खरंच, दोन मिशा बरणीच्या तळापासून वरपर्यंत गेल्या होत्या आणि हळूहळू हलत होत्या, जसा एखादा बुजुर्ग बैठकीत न बोलता सगळ्यांचा अंदाज घेतो. आखूडवाल्यांबद्दल मला तिथल्या तिथं कमीपणा वाटू लागला. एकाच धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, राहायचं, एकच गवत खायचं, सारख्याच उड्या मारायच्या आणि तरी घराणं वेगळं. आमच्या गावाला हे समजायला पुस्तकाची गरज नव्हती. आमचे दोन धुऱ्यांवरचे भाऊबंद सारखेच दिसतात, एकाच देवाला नारळ फोडतात, आणि लग्नात एकमेकांच्या पंगतीला बसत नाहीत. फक्त त्यांचं मिशीवरून नाही, पाण्याच्या पाटावरून आहे.

"मंग याचं नाव काय?"

"इंग्रजीत आहे. आपल्याकडे याला वेगळं नाव कोणी ठेवलंच नाही. नाकतोडाच म्हणतात."

कमरेला तलवार लावून फिरणारा आणि त्याला स्वतःचं नाव नाही! ज्यानं आयुष्यभर चुलत्याच्या नावावर दिवस काढले, त्याच्याबद्दल माझ्या मनात माया उत्पन्न झाली.

"आणि कान?" मी विचारलं. "डोस्क्यावर तं दिसून नाही राहिले."

"गुडघ्यात आहेत, आबाजी. समोरच्या पायाच्या गुडघ्याच्या थोडं खाली, ती बारकी खाच दिसते ना? तोच कान. नाकतोड्याचा पोटाजवळ असतो, पंखाखाली."

बुढी सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. ती थांबली. "आवो, तं यात नवल काय? तुया आज्याची अक्कल तितंच हाये ना."

मी तिकडे लक्ष दिलं नाही. नातीन पुढं सांगत होती की हे गळ्यानं गात नाहीत. नाकतोडा मागचा पाय पंखावर घासतो. रातकिडा आणि हा हिरवा पंखावर पंख घासतात, एका पंखावर करवतीसारखे दाते असतात. आणि गाणं म्हणतो तो फक्त नर. मादी गुडघ्यानं ऐकते आणि आवडलं तर जाते.

मी उठून उभा राहिलो. "झालं! मंग हा गाइल तं गडी. साधी गोष्ट हाये. किड्यालेच बोलू देऊ."

नातीन अंगणातून माती घेऊन आली. तिनं बरणीत चार बोटं ओली माती टाकली, काकडीची फोड ठेवली आणि तुरीची कोवळी डहाळी लावली. माती कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, "राहू द्या. करमेल." मला तिचं ते हसणं आवडलं नव्हतं.

बरणी निःपक्ष जागी पाहिजे असं मास्तरांचं म्हणणं पडलं, म्हणून ती ठेल्यावर गेली. गाईल तर नर, हे त्यांनी मान्य केलं. गावात बातमी झाली. ज्यांना स्वतःच्या धानावर कोणती कीड पडली आहे ते माहीत नव्हतं ते या किड्यावर भाषण देऊ लागले. कोणी म्हणे टोळच आहे, औषध मारा. एकानं तर करोनात सगळं बंद होतं त्या उन्हाळ्याची आठवण काढली. तेव्हा आमच्या भागात टोळ आले होते आणि लोक थाळ्या वाजवत शेतात धावले होते. थाळ्या वाजवायचा सराव तेव्हा ताजा होता.

नातीन सोबत आली होती. ती म्हणाली, "काका, टोळ म्हणजे कोणी वेगळा नसतो. एकटा असला की साधा नाकतोडा, आपल्या गवतात राहतो, कोणाच्या वाट्याला जात नाही. गर्दी झाली, एकमेकांना पाय घासायला लागले, की रंग बदलतो, डोकं फिरतं, आणि सगळे मिळून एका दिशेनं निघतात. कुठं चाललो ते कोणालाच माहीत नसतं."

 दोन पक्षांचे गमछे गळ्यात घातलेले दोन जण तिथं बसले होते, ते दोघंही एकदम पान थुंकायला उठले.

त्याच दिवशी, दिवस बुडता बुडता, ते झालं. ट्यूबलाइट लागली, एक ट्रक गेला, धूळ बसली आणि किर्रर्र करून आवाज सुरू झाला. बारीक नाही, चांगला दमदार, जशी सायकलची चेन कोरडी फिरावी. बरणीकडूनच येत होता. ठेलेवाला ओरडला, "गा रहा है! बावाजी, गा रहा है!"

मी मिशीला पीळ दिला. दोन्हीकडून दिला. सगळ्यांना माझ्या नावावर चहा सांगितला आणि मास्तरांकडे वळलो. "मास्तर, कोन्ती ठेवता? झुपकेदार का कोरलेली? नवीन मानसाले झुपकेदार शोभत नाही, पहिलेच सांगतो."

मास्तरांनी ओठावरून हात फिरवला. खरं सांगतो, त्या वेळी मला त्यांची कीव आली, आणि त्यामुळे आनंद आणखी वाढला.

तेवढ्यात नातिनीनं बरणी उचलली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेली. आवाज गेला नाही. आवाज ठेल्याजवळच राहिला.

सगळे माझ्याकडे पाहू लागले. ती परत आली, मोबाइलचा उजेड लावला आणि ठेल्यामागच्या करंजीच्या झुडपात वाकली. तिथं एका पानावर दुसरा बसला होता. तसाच हिरवा, थोडा लहान, शेपटीला काही नाही. पंख असे थरथरत होते की दिसत नव्हते. लांब मिशा बरणीच्या दिशेनं.

"तो हिला बोलावतो आहे," नातीन म्हणाली आणि लगेच जीभ चावली.

मास्तर इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले. "काय हो, हाच का तुमचा साक्षीदार?"

चहा आला होता. चहा थंड होऊ देणं माझ्या स्वभावात नाही, आणि हार मानणंही नाही. मी एक घोट घेतला. "दोन्ही गडीच हायेत. एक गाते, एक तलवार चालवते. शाहीर येगळा, शिलेदार येगळा. पोवाडा गानारा लढाई करते काय कधी? बरनीतला गायला नाही येवढंच सिद्ध झालं. मादी हाये हे कुठं झालं?"

मास्तरांना पुस्तकाचं नाव अजून आठवत नव्हतं. नातिनीला साक्ष द्यायला मीच बंदी केली होती. निकाल लटकला. ठेलेवाल्याला बरणीमुळे सुपारी काढायला अडचण होत होती, म्हणून बरणी पुन्हा माझ्या घरी आली. नातीन कॉलेज आहे म्हणून कुडव्याला निघून गेली. जाताना म्हणाली, "आबाजी, मातीकडे लक्ष ठेवा." मला वाटलं, माती वाळू देऊ नका म्हणते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर पडलो होतो. बुढीनं आतून आवाज दिला. असा आवाज ती साप निघाला तरच देते.

"आयका ना जी! उठा! तुमचा शिपाई काय करून राहिला, पाहा!"

मी गेलो. किड्यानं पाठ वाकवून धनुष्यासारखी केली होती. तलवारीचं टोक मातीत घातलेलं. सगळं अंग जोर लावत होतं. तलवार मुठीपर्यंत आत गेली, थोडा वेळ थांबली, बाहेर आली. मग एक पाऊल मागं सरकून पुन्हा तेच. टोक मातीत, थांबणं, बाहेर, एक पाऊल मागं. जिथं माती काचेला लागून होती, तिथं आत एक लांबट पिवळसर दाणा उभा दिसत होता. थेट धानाच्या दाण्यासारखा. त्याच्या बाजूला दुसरा.

बुढी कमरेवर हात ठेवून पाहत होती. उभ्या जन्मात तिनं दरवर्षी चिखलात वाकून पऱ्हे लावले आहेत. बोटांनी रोप मातीत दाबायचं, हात वर, एक पाऊल मागं, पुन्हा दाबायचं. आमच्या इकडे माणूस नांगरतो, चिखल करतो, पऱ्ह्याच्या पेंढ्या धानाच्या बांधीत नेऊन टाकतो आणि धुऱ्यावर बिडी पेटवतो. रोवणीला वाकतात त्या बायाच. माझ्या बापानं कधी रोप लावलं नाही, त्याच्या बापानंही नाही, आणि मला लावता येतं का ते मी कधी पाहिलं नाही.

"रोवनी करून राहिली ते," बुढी म्हणाली. "मांगं मांगं सरकून. गडी कधी रोवनी करते काय, सांगा?"

मी पुष्कळ वेळ काचेतून पाहिलं. शोधत होतो काहीतरी. त्या किड्याची चाल इतकी ओळखीची होती की त्यात दुसरं काही सापडेना. ती तलवार नव्हतीच. ते रोवणीचं बोट होतं. शाहीर-शिलेदार सगळं त्या चार बोटं मातीत गेलं.

बुढीचा आवाज खाली आला. "मी काई कोनाले सांगत नाही. दार लावलेलं हाये. बरनी धुऱ्यावर नेऊन उपडी करते, ते जाइल आपल्या रस्त्यानं. मास्तरले सांगा, उडून गेला. निकाल राहिला तं राहिला."

तिला माझी मिशी वाचवायची नव्हती, आपलं सौभाग्य वाचवायचं होतं, पण सोय माझी होत होती. मी विचार केला. कोणी पाहिलं नव्हतं. नातीन बोलली नसती. मास्तरांनी स्वतः कधी शोध लावला नसता, त्यांना पेपरातून डोकं काढायला महिना लागतो. रोज संध्याकाळी मी मिशीला पीळ देत ठेल्यावर बसलो असतो आणि मास्तरांना म्हणालो असतो, उडून गेला बिचारा, नाहीतर दाखवलं असतं.

आणि मग मला दिसलं, की तो नर निघाला असता आणि मास्तर येऊन म्हणाले असते, 'उडून गेला', तर मी त्यांना सोडलं नसतं. त्यांच्या दारात जाऊन बसलो असतो. त्यांच्या नातवाच्या बारशात विचारलं असतं. मरणाच्या खाटेवर त्यांच्या ओठाला हात लावून पाहिला असता. मी स्वतःला मास्तरांपेक्षा सवलत द्यावी, एवढा काही मी हलका नाही.

"कुडता दे," मी म्हटलं.

"कुठं चालले?"

"सडक अर्जुनी."

ती मग जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही.

आमच्या गावच्या न्हाव्याकडे गेलो नाही, कारण त्यानं हात लावला नसता. हायवेवर ट्रकवाल्यांसाठी एक सलून आहे, तिथं कोणी कोणाला ओळखत नाही. पोऱ्यासारखा दिसणारा, पण चांगला दोन लेकरांच्या बापाच्या वयाचा कारागीर होता. मी मिशीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, पूर्ण. त्यानं वस्तरा खाली ठेवला आणि हात जोडले.

"किसका हुआ, बाबा?"

"किसी का नहीं हुआ."

"तो फिर? इतनी बढ़िया मूँछ!"

काय सांगणार? "एक कीडा औरत निकली," मी म्हटलं. बाजूच्या खुर्चीत फेस लावून बसलेला ड्रायव्हर माझ्याकडे वळून पाहू लागला. कारागिरानं वस्तरा उचलला. त्याला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं दुःख मोठं आहे.

आरशात जो माणूस दिसला त्याला मी बाप गेला तेव्हा शेवटचं ओळखत होतो... नाही, माय गेली तेव्हा. ओठ लहान, गोरा आणि घाबरलेला होता. सगळं आयुष्य पडद्याआड राहिल्यामुळं त्याला जगाची सवय नव्हती. परत येताना वारा लागत होता.

फाट्यावर उतरलो. मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, मला पाहिलं आणि उभे राहिले, जसे इन्स्पेक्टर आल्यावर शाळेत उभे राहत असतील.

"मादी निंगाली," मी म्हटलं. "अंडे घातले. मातीत. पाहाचं असन तं घरी या."

"अहो, पण... मी काही खरंच... इतकं कशाला..." मास्तरांनी पेपराची उलटी घडी घातली. मग हळूच म्हणाले, "खरं सांगायचं तर मला तरी कुठं नक्की माहीत होतं."

हे ऐकून मला जो राग आला तो अजून उतरलेला नाही. माणूस माहीत नसताना बरोबर निघतो, यासारखा अन्याय दुसरा नाही.

घरी जाईपर्यंत रस्त्यात दोघं सायकलवरून उतरले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या गावचे माझे मेहुणे रडत आले. दारातच त्यांचा आवाज फुटला, "माई बहीन गेली गा!" आणि समोर पाहतात तर बहीण ओट्यावर बसलेली. माझ्या बुढीनं पेटीतलं लग्नाचं हिरवं लुगडं काढलं होतं, हातभर बांगड्या भरल्या होत्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. लोकांना दिसावी म्हणून दिवसभर ओट्यावर बसून होती. पाणी प्यायलाही आत गेली नाही.

"मेली नाही मी," तिनं मेहुण्यांना सांगितलं. "याह्यची अक्कल गेली. तिची तेरवी करा, जेवाले येतो सगळे."

मेहुण्यांनी डोळे पुसले आणि आलेच आहेत तर जेवून गेले. पुढचे किती तरी दिवस लोक येत राहिले. कोणी दुःखानं, कोणी तोंड पाहायला. बुढीनं सगळ्यांना बरणी दाखवली. मिशी माझी गेली आणि पाहुणचार किड्याचा झाला. शेवटी एके सकाळी तिनंच बरणी डोक्यावरून मिरवावी तशी धुऱ्यावर नेली आणि माती जपून, थापून, बांधाच्या कोपऱ्याला लावली. किडा उडून तुरीत गेला. रोवणी झाली की बाया जातात तशीच, मागं न पाहता.

धान कापून झालं तेव्हा नातीन आली. तोवर माझ्या ओठावर पांढरे खुंट आले होते, कापलेल्या बांधीसारखे. तिनं पाहिलं, हसू दाबलं, आणि मला बरं वाटावं म्हणून शास्त्र काढलं.

"आबाजी, या किड्यांची पिल्लं असतात ना, त्यांना अळी-बिळी काही नसते. अंड्यातून निघतात तीच आईसारखी, फक्त पंख नसतात. कात टाकत टाकत वाढतात. त्या काळात मिशी तुटली तर पुढच्या कातीनंतर पुन्हा येते. पण एकदा पंख आले, वाढ पुरी झाली, की कात टाकणं बंद. मग तुटलेली मिशी येत नाही."

मी ओठावरून बोट फिरवलं. टोचत होतं.

बुढी अंगणात धान वाळवत होती. तिथून न वळता म्हणाली, "याह्यची मिशी तं येऊन राहिली ना? मंग वाढ व्हाचीच हाये अजून."